जो कण टोचायचा, तोच तपासायचा

मागच्या अंकात या सदरात मी एकदाच टोचून पुढे कित्येक आठवडे हळूहळू लस सोडणाऱ्या सूक्ष्म कणांबद्दल लिहिलं होतं. लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्लांच्या साखळ्यांपासून बनलेलं, शरीरात आपोआप विघटन होणारं पॉलिमर म्हणजे पीएलजीए. त्याचे हे कण. लेखाच्या शेवटी मी ओझरतं एक वाक्य लिहिलं होतं, की हे कण जंतुरहित करण्यासाठी बऱ्याचदा गॅमा किरणांचा मारा देतात. पत्रं आली ती सगळी त्या एका वाक्यावर. मला आनंद झाला, कारण कण बनवण्याच्या कामात माझी बावीस वर्षं गेली आणि त्यात सर्वांत जास्त झोप याच पायरीने उडवली. जागेअभावी पाच पत्रं निवडली आहेत.

प्रश्न : ताई, माझं बाळ सात महिन्यांचं आहे. लशीवर किरणांचा मारा करतात हे वाचून पोटात गोळाच आला. अशी लस किरणोत्सारी होत नाही का? बाळाच्या अंगात ते किरण राहून गेले तर?

उत्तर : नाही, राहत नाहीत. उन्हात वाळवलेल्या कपड्यातून रात्री ऊन बाहेर पडत नाही, तसंच हे. यात वापरतात तो कोबाल्ट-60, म्हणजे गॅमा किरण सोडणारा किरणोत्सारी धातू, पोलादाच्या दुहेरी नळ्यांत बंद असतो आणि लशीच्या कुपीला तो कधीही शिवत नाही. कुपीपर्यंत पोचतात ते फक्त त्याचे किरण. त्यांची ऊर्जा 1.17 आणि 1.33 दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. रेणूंमधले बंध तोडायला ती भरपूर झाली, पण अणूच्या गाभ्यात उलथापालथ करून त्याला किरणोत्सारी बनवायला ती पुरत नाही. शस्त्रक्रियेचे हातमोजे, सिरिंज, टाके घालायचे धागे असं कितीतरी सामान याच पद्धतीने जंतुरहित होतं.

असं एक केंद्र मी आतून पाहिलं आहे. दीड-दोन मीटर जाडीच्या काँक्रीटच्या भिंती, आत वळणावळणाची वाट आणि त्या वाटेने पट्ट्यावरून संथपणे फिरणारी खोकी. काम नसतं तेव्हा कोबाल्टच्या नळ्या खोल पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवतात. वरून वाकून पाहिलं तर पाण्यात निळा उजेड दिसतो. तो निळा रंग मी विसरलेले नाही. तुमच्या मनात आलेली भीती अगदी रास्त आहे, पण तिचं उत्तर इतकं स्वच्छ आहे की निश्चिंत व्हा. खरी काळजी दुसरीच आहे आणि ती पुढच्या पत्रांमध्ये येते. किरण कुपीत राहत नाहीत, पण आतल्या मालात बदल करून जातात.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे, विज्ञान शिकवत असे. जंतू मारायला उकळणं, वाफ देणं, गाळणं असे साधे मार्ग असताना एवढा खटाटोप कशासाठी?

उत्तर : सर, हे सगळे मार्ग आम्ही एकेक करून पाहिले आहेत.

वाफ म्हणजे ऑटोक्लेव्ह : 121 अंश सेल्सिअस आणि ओलावा. पीएलजीए 45-50 अंशांच्या आसपासच मऊ पडायला लागतं आणि पाणी तर त्याचा काळच, कारण पाण्यानेच त्याच्या साखळ्या तुटतात. ऑटोक्लेव्हमधून बाहेर येतो तो कणांचा एकजीव झालेला गोळा, आणि आतलं लशीचं प्रथिन शिजलेलं. गाळणीची छिद्रं 0.22 मायक्रॉनची. जंतू तिथे अडतात हे खरं, पण आमचे कण एक मायक्रॉनपासून पुढे काही दहा मायक्रॉनपर्यंत असतात, म्हणजे ते जंतूंच्याही आधी अडणार! इथिलीन ऑक्साइड वायू द्यावा, तर त्याला ऊब आणि दमटपणा दोन्ही लागतात, तो प्रथिनाशी रासायनिक क्रिया करतो, आणि कणांच्या पोटात अडकून राहिला तर स्वतःच विषारी आहे, कर्करोगकारक आहे.

उरतो तो पहिल्यापासूनच सगळं निर्जंतुक ठेवण्याचा मार्ग. पॉलिमरचं द्रावण गाळून घ्यायचं, अँटिजनचं, म्हणजे लशीतल्या ज्या प्रथिनाची शरीराला ओळख करून द्यायची त्याचं, द्रावण गाळून घ्यायचं आणि त्यापुढची प्रत्येक नळी, प्रत्येक ढवळणी, धुण्याचं पाणी, वाळवणीचं यंत्र, सगळं जंतुरहित खोलीत. हे होतं, आणि अशा पद्धतीने औषधं बनतातही. पण ते अतिशय महाग पडतं, आणि मधे कुठे एखादा जंतू शिरला तर पुढे त्याला मारणारी कुठलीच पायरी उरत नाही. म्हणूनच औषध तपासणाऱ्या यंत्रणांचा पहिला प्रश्न नेहमी हाच असतो, की कुपी सीलबंद झाल्यानंतर तिला निर्जंतुक का करत नाही? गॅमा किरण बंद कुपीतून आरपार जातात, तापमान फारसं वाढवत नाहीत आणि मागे काही ठेवत नाहीत. रूढ मात्रा 25 किलोग्रे, म्हणजे दर किलोमागे 25 हजार ज्यूल. तेवढ्या ऊर्जेने पाणी जेमतेम सहा अंशांनी तापेल. माणसाच्या सगळ्या अंगाला चार-पाच ग्रे पोचले आणि उपचार मिळाले नाहीत, तर निम्मी माणसं दगावतात. इथे आपण 25 हजार ग्रे देतो.

तुम्ही शिक्षक आहात म्हणून एक गंमत मुद्दाम सांगते. सहा अंशांची ऊब एवढं काम करते, कारण ही ऊर्जा सगळीकडे सारखी पसरून येत नाही, एकवटून येते. रेणूतला एक बंध तोडायला साडेतीन-चार इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात, आणि किरणाच्या एका कणाकडे ते दहा लाखांहून अधिक असतात. तो इलेक्ट्रॉन उडवतो, ते आणखी इलेक्ट्रॉन उडवतात, आणि वाटेत येईल ते तुटतं. त्यात जंतूचा डीएनए तुटतो, आमच्या पॉलिमरची साखळीही तुटते. किरणांना आपलं-परकं कळत नाही.

प्रश्न : मॅडम, मी औषधनिर्माणशास्त्रात पीएच.डी. करते. धनुर्वाताच्या टॉक्सॉइडचे (म्हणजे निष्प्रभ केलेल्या विषाचे) पीएलजीए कण बनवले आणि 25 किलोग्रे देऊन आणले. पॉलिमरचा रेणुभार (साखळ्यांची लांबी दाखवणारा आकडा) जवळजवळ निम्मा झाला, पहिल्याच दिवशी ठरल्यापेक्षा खूप जास्त प्रथिन बाहेर पडलं आणि काचेच्या कुप्याही तपकिरी झाल्या. एलायझामध्ये (प्रतिपिंडाने अँटिजन ओळखणाऱ्या चाचणीत) मात्र अँटिजन ठीक दिसतो. माझे मार्गदर्शक म्हणतात, “मारा न दिलेल्या बॅचचे आकडे छान आहेत, तेच घाल. निर्जंतुकीकरण पुढे कंपनी बघेल.” मी काय करू?

उत्तर : तुझं पत्र मी तीनदा वाचलं. तुझ्या वयाची असताना मी नेमकं तेच केलं होतं जे तुझे मार्गदर्शक सुचवत आहेत, आणि त्यात आमचं जवळजवळ वर्ष गेलं.

आम्ही निर्जंतुक कक्षात जपून केलेल्या छोट्या बॅचवर प्राण्यांतले प्रयोग केले. प्रतिपिंडं उत्तम आली, आम्ही पेढे वाटायचेच बाकी होतो. मग मोठी बॅच केली आणि पहिल्यांदाच माऱ्यासाठी पाठवली. नेणाऱ्याने वाटेत कोरडा बर्फ संपला तरी पुन्हा भरला नाही, आणि आम्हीही पेटीत तापमान नोंदणारं यंत्र ठेवलं नव्हतं. परत आल्या त्या मधाच्या रंगाच्या कुप्या. मी एक हातात धरून खिडकीपाशी किती वेळ उभी होते ते आठवतंय. तो रंग फक्त काचेचा असतो, हे आधी सांगते. किरणांमुळे काचेत इलेक्ट्रॉन अडकून बसतात आणि ती काळवंडते. सेरियम घातलेली काच घेतलीस तर हे होत नाही. पण रंग तुझ्या कणांना लागलेला नसला, तरी कुपीत मारा कुठवर पोचला याची ती साक्ष असते. आमच्या त्या बॅचने दुसऱ्या फेरीत निराळेच आकडे दिले. कारण प्राण्यांना आधी टोचला तो पदार्थ वेगळा होता आणि कुपीतून जगात जाणार होता तो वेगळा. नाव मात्र दोन्हींना एकच दिलं होतं.

आता रेणुभाराचं. तो निम्मा झाला म्हणून घाबरू नकोस, तो किती होणार हे आधी सांगता येतं. ठरावीक मात्रेला ठरावीक वजनाच्या पॉलिमरमध्ये साधारण ठरावीक काप पडतात. समजा, दर 60 हजार रेणुभारामागे एक काप पडतो. तर 60 हजारांच्या साखळीचे सरासरी 30 हजारांचे तुकडे होतील, म्हणजे निम्मे. पण 20 हजारांची साखळी घेतलीस, तर तीन साखळ्यांत मिळून एकच काप, सरासरी 15 हजारांवर येईल. लांब साखळीचं नुकसान डोळ्यात भरतं, आखूड साखळीचं भरत नाही. कात्री तीच असते. म्हणून माऱ्यानंतर जो रेणुभार हवा आहे तिथून उलट मोजत ये आणि सुरुवातीला तेवढं लांब पॉलिमर घे. आम्ही अखेरीस असंच केलं.

पहिल्या दिवसाच्या उसळीबद्दल. तुटलेले तुकडे आखूड असतात, पाण्याला जवळचे असतात. कणात पाणी लवकर शिरतं, पृष्ठभागाजवळचं प्रथिन आधी सुटतं आणि त्यानंतरचा, फारसं काही न सुटणारा मधला शांत काळही आखडतो. पण तुझ्या बाबतीत मला दुसरीही शंका आहे. मारा देताना कण किती कोरडे होते? ओल उरली असेल तर किरण पाण्यावर बसतात, त्यातून हायड्रॉक्सिलची मुक्त मूलकं, म्हणजे कशाशीही चटकन जुळणारे रेणूंचे तुटके तुकडे, तयार होतात आणि ती प्रथिनावर तुटून पडतात. शीतशुष्कन (गोठवून वाळवणं) पुरतं कर, कुपीतली हवा काढून नायट्रोजन भर आणि मारा कोरड्या बर्फावर, उणे 78 अंशांवर दे. त्या थंडीत मूलकं जागच्या जागी थिजतात. एक लक्षात ठेव : बर्फाचा थरही किरण अडवतो आणि वाटेत तो उडूनही जातो, म्हणून मात्रा मोजणारे डोसिमीटर बर्फासकट भरलेल्या पेटीत ठेवून नकाशा काढून घे. पेटीच्या मध्यभागी 25 पोचवायचे तर कडेच्या कुप्यांना त्याहून जास्तच बसतात. तुझ्या कुप्या पेटीत कुठे होत्या, हे केंद्राला विचार.

थिजलेली मूलकं मरत नाहीत, हे मला फार उशिरा कळलं. कडक, कोरड्या पॉलिमरमध्ये ती कितीतरी काळ दबा धरून असतात, मूलकं ओळखणाऱ्या ईएसआर यंत्रावर ती दिसतात. पॉलिमर गरम झालं किंवा ओल लागली की हलतात, ऑक्सिजन मिळाला की त्याच्याशी जुळतात आणि कपाटात ठेवलेल्या कुपीतही साखळ्या तुटत राहतात. त्यामुळे टिकाऊपणाचा अभ्यास माऱ्याच्या दिवसापासून सुरू करायचा, त्याआधीच्या नव्हे. जमलं तर इलेक्ट्रॉन शलाकेखालीही, म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉनांच्या झोताखाली, एक बॅच करून बघ. गॅमाला तास लागतात, शलाकेचं काम सेकंदांत उरकतं, ऑक्सिजनला आत शिरायला सवड कमी मिळते. शलाका फार खोल जात नाही, पण तुझ्या कुप्या एका थरात मांडल्या तर चालेल.

राहिला एलायझा. त्याच्यावर विसंबू नकोस. तुझ्या एलायझातलं प्रतिपिंड टॉक्सॉइडच्या एखाद्या कोपऱ्याला ओळखतं, तो कोपरा शाबूत आहे एवढंच ते सांगतं. मेथिओनीन, सिस्टीन, ट्रिप्टोफॅन ही अमिनो आम्लं किरणांपुढे सगळ्यांत नाजूक. ती जिथे आहेत तिथे प्रथिनाची घडी बिघडली असेल तर तुझ्या एलायझाला पत्ताही लागणार नाही. प्रथिनाचे गुठळे झाले आहेत का ते बघ, आणि शेवटी प्राण्यात संरक्षण मिळतं का ते बघ. मारा दिलेल्या कणांनी.

एवढं नुकसान होत असताना ही पद्धत मुळात चालतेच कशी, असं तुला वाटत असेल. मलाही वाटायचं. त्याचं उत्तर लक्ष्याच्या आकारात आहे. आतड्यातल्या ई. कोलाय जंतूचं गुणसूत्र डीएनएच्या सुमारे 46 लाख जोड्यांचं, वजन साधारण तीन अब्ज डाल्टन (डाल्टन हे रेणूंच्या वजनाचं एकक). तुझं टॉक्सॉइड दीड लाख डाल्टन. वीस हजार पट फरक. आंधळेपणाने मारलेल्या दगडांत मोठं लक्ष्य आधी फुटतं. तेवढ्या फटीतून आपल्याला वाट काढायची आहे, आणि वाट आहे.

मार्गदर्शकांशी भांडू नकोस. दोन्ही बॅचचे आकडे शेजारी शेजारी मांड आणि त्यांना दाखव. माझ्या मते तुझ्या प्रबंधातलं सर्वांत मोलाचं पान तेच असेल. आणि पुढच्या पत्रात माऱ्याआधीची ओल किती टक्के होती ते आठवणीने लिही.

प्रश्न : आरएनए किंवा डीएनएची लस अशा कणांत भरून तिला गॅमा दिला तर?

उत्तर : जंतू ज्यामुळे मरतो तेच इथे औषध आहे. त्याचा डीएनए तुटला म्हणून तो मेला, मग तुमचाही तुटणारच. लशीतला डीएनए घट्ट पीळ घातलेल्या वर्तुळाच्या रूपात असतो, एका कापाने पीळ सुटतो, समोरासमोर दोन काप पडले की वर्तुळच तुटतं. लांब आरएनए एकेरी धाग्याचा असल्याने त्याला तर एकच काप पुरे. अशा लशींसाठी निर्जंतुक कक्षाचा महागडा मार्गच मला बरा वाटतो.

प्रश्न : ताई, मी लस कुप्यांत भरण्याच्या विभागात काम करतो. दोन-दोन झगे, मुखपट्टी, प्रत्येक पाळीत हवेच्या आणि हातमोज्यांच्या तपासण्या. शेवटी गॅमा देणारच आहेत, तर आम्हाला आधी एवढं सोवळं कशासाठी? वरिष्ठांना विचारलं तर “नियम आहे” म्हणतात.

उत्तर : नियम आहेच, पण तो का आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही याचं मला वाईट वाटलं. तुमच्या हातात किती गोष्टी आहेत ते बघा.

पहिली : गॅमा जंतू मारतो, उचलून बाहेर टाकत नाही. काही जंतूंच्या बाहेरच्या आवरणात एंडोटॉक्सिन असतं. जंतू मेला तरी ते कुपीत तसंच राहतं आणि रक्तात गेलं तर ताप आणतं. या मात्रेने ते नष्ट होतं असं धरून चालताच येत नाही. जे तुमच्या विभागात आत शिरलं, ते बाळापर्यंत जाणार.

दुसरी जरा हिशेबाची आहे. जंतुरहित म्हणजे नेमकं काय, तर दहा लाख कुप्यांमागे फार तर एका कुपीत जिवंत जंतू सापडण्याची शक्यता. जंतू एकदम मरत नाहीत, ठरावीक मात्रेला दहांतले नऊ मरतात, पुन्हा तेवढीच मात्रा दिली की उरलेल्यांतले दहांतले नऊ. समजा, तुमच्या जंतूंना असं दहा पटीने कमी करायला दोन किलोग्रे लागतात. कुपीत आधी हजार जंतू असतील, तर हजारावरून दहा लाखांत एकावर यायला नऊ पायऱ्या, म्हणजे 18 किलोग्रे. दहाच जंतू असतील तर सात पायऱ्या, 14 किलोग्रे. प्रत्यक्षातला हिशेब याहून किचकट असतो, कारण सगळे जंतू सारखे चिवट नसतात. डायनोकॉकस रेडिओड्युरन्स नावाचा एक जंतू तर 5 किलोग्रे सहज पचवतो. 1956 मध्ये तो सापडला तोच मुळी गॅमा देऊनही नासलेल्या मांसाच्या डब्यात. पण हिशेबाची दिशा हीच. आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ 11137 याच विचारावर उभं आहे. माल मुळात स्वच्छ असल्याचं बॅचमागून बॅच सिद्ध केलं, तर 25 पेक्षा कमी मात्राही मान्य होते. 25 हा आकडा दगडावर कोरलेला नाही.

आणि मात्रा कमी झाली की काय वाचतं, ते वरच्या विद्यार्थिनीच्या पत्रात तुम्ही वाचलंच. संप्रेरकांची औषधं अशा कणांतून फार पूर्वी आली. ल्युप्रोलाइड या अशाच एका औषधाच्या महिनाभर पुरणाऱ्या कणांना अमेरिकेत 1989 मध्येच मंजुरी मिळाली. पण ल्युप्रोलाइड म्हणजे नऊ अमिनो आम्लांचा लहानसा तुकडा, आणि धनुर्वाताचं विष, ज्याचं टॉक्सॉइड बनवतात, ते 1315 अमिनो आम्लांचं. त्या प्रथिनाची घडी आधीच कणातल्या आम्लाने आणि शरीराच्या उबेने हैराण होते. कण विरघळताना आत आम्ल साठतं, त्यावर उतारा म्हणून मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड घालून पाहिलं गेलं आणि त्याचा उपयोगही झाला. 1990 च्या दशकात जागतिक आरोग्य संघटनेच्या पाठबळाने धनुर्वाताची एका टोच्याची लस करण्याची मोठी खटपट झाली, ती बरीचशी या घडीपाशीच अडली. अशा प्रथिनाला हुकलेली प्रत्येक कात्री मोलाची असते.

तेव्हा हिशेब असा, की तुमच्या पाळीत कुपीमागे जंतू हजारावरून दहावर आले तर माझ्या उदाहरणातले चार किलोग्रे वाचले. ते टॉक्सॉइडला बसले नाहीत. हा कागद कापून तुमच्या विभागातल्या भिंतीवर लावलात तर मला आवडेल, आणि वरिष्ठांना विचारा की तुमच्या मालाची मात्रा किती ठरवली आहे आणि तुमच्या तपासण्यांचे आकडे त्या हिशेबात कुठे येतात. तो कागद तुम्हाला दाखवायला त्यांची हरकत नसावी.